डावा बर्नर ताईचा

आमच्या ऑफिसात डबे उघडले की पहिला प्रश्न भाजी कोणती हा नसतो. "काय म्हणते तुझी ताई?" हा असतो! मी एक किस्सा सांगते, तोवर घरी दुसरा घडलेला असतो. आता इतके साठलेत की कुठला कुणाला सांगितला तेही आठवत नाही. म्हणून एकदाचे सगळे ओतते.

ताई म्हणजे माझी सख्खी बहीण नव्हे, फ्लॅटमेट. नाव वसुधा, वय पन्नाशीच्या आसपास. वडील नोकरीसाठी अमरावतीहून भोपाळला आले. आईवडील गेल्यावर भाऊ परत अमरावतीला गेला, ही इथेच इंद्रपुरीत राहिली. जन्मापासून तिला सेरेब्रल पाल्सी आहे. चालताना तोल जातो, हात मनाविरुद्ध उडतो आणि बोलताना एकेक शब्द ओढून बाहेर काढावा लागतो. डोकं मात्र असं चालतं की अरे बाप्पा! तिची वाक्यं मी इथे बहुतेक सलगच लिहिणार आहे. तुम्ही आपलं हळू वाचा. घाई केलेली ताईला चालत नाही.

*

नागपूरहून बदली होऊन आले आणि खोली शोधत होते. खालच्या मजल्यावरचे घरमालक शुक्लाजी म्हणाले, "फ्लैट तो मैडम के नाम किराए पर है. दूसरा कमरा देना है कि नहीं, वही बताएँगी." वर गेले. ताई खुर्चीत बसलेली.

"तू..." ती म्हणाली.

"नागपूरची!" मी म्हणाले.

"तू..."

"नाही नाही, लग्न व्हायचंय अजून."

"तू..."

"प्युअर व्हेज! अंडंसुद्धा नाही."

ताईने डोळे मिटले, श्वास घेतला आणि वाक्य पुरं केलं. "तू जरा गप्प बसशील का?"

खोली मिळाली! अट एकच. या घरात कुणी कुणाचं वाक्य पुरं करायचं नाही. माझ्यासारख्या बडबडीला हा तर निर्जळी उपास झाला.

*

शुक्लाजी आधी ताईला फ्लॅट द्यायला तयार नव्हते म्हणे. माणूस वाईट नाही, घाबरट आहे. "मैडम, सीढ़ियाँ हैं, ऊपर-नीचे करना है. कहीं गिर गईं तो?"

ताई म्हणाली, "गिरूँगी तो नीचे ही आऊँगी. नीचे तो आप हैं!"

शुक्लाजींनी त्याच आठवड्यात जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा बसवून घेतला. आता त्यांची स्वतःची आई तोच कठडा धरून गच्चीवर पापड वाळत घालायला जाते, आणि येता-जाता ताईला आशीर्वाद देते.

*

ताई गणिताच्या ट्यूशन घेते. इथल्या कारखान्यातल्या लोकांची पोरं येतात. भाड्यातला तिचा अर्धा हिस्सा ट्यूशनमधून निघतो आणि त्यातच ट्यूशनचे पैसे संपतात. तिच्या वाट्याचा गॅस आणि वीज मात्र दिव्यांग पेन्शनमधून. हा हिशेब तिचा तिने घातलेला, त्यात कुणी बोट घालायचं नाही.

सुरुवातीला एक आई तक्रार घेऊन आली. "मैडम, आप बहुत धीरे बोलती हैं. बच्चा बोर होता है."

ताई म्हणाली, "एक महीना देखिए."

महिन्याने तीच बाई मिठाई घेऊन दारात! म्हणाली, "मार्क्स का तो पता नहीं मैडम, पर अब ये घर में किसी की बात नहीं काटता. पूरा सुनता है, फिर बोलता है!" मग जरा आवाज खाली आणून तिने विचारलं, "इसके पापा को भी भेज दूँ क्या?"

*

अशोका गार्डनच्या बाजारात गेलो होतो. ताई भेंडी निवडतेय आणि भाजीवाला मला विचारतोय, "आंटी को क्या चाहिए?" लोकांचं हे नेहमीचंच. ती समोर उभी असते आणि प्रश्न मला! माझं तर टाळकंच सरकतं. मी काही बोलणार, इतक्यात ताईने मान वर केली.

"आंटी को भिंडी चाहिए," ती म्हणाली. "इनसे मत पूछो. ये तो थैला पकड़ने आई हैं."

भाजीवाल्याने जीभ चावली आणि कोथिंबीर फुकट दिली. आता तो लांबूनच हाक मारतो, "मैडम, ताज़ी भिंडी!" आणि मला, "थैले वाली दीदी, नमस्ते!"

*

आमच्या स्वयंपाकघरात शेगडी एकच आहे, दोन बर्नरची. डावा ताईचा, उजवा माझा. डाव्या फळीवर तिचे डबे, उजव्या फळीवर माझे. मीठसुद्धा वेगळं! ती तिचं शिजवते, मी माझं. आवडलं तर वाटीभर इकडून तिकडे जातं, पण ते शेजारधर्म म्हणून.

ती पहिल्यांदा माझ्यासमोर गॅस पेटवत होती तेव्हा मी श्वास रोखून उभी होते. तिने कोपर भिंतीला टेकवलं, लांब दांड्याचा लायटर दोन्ही हातांत धरला, हात थरथरायचा थांबेपर्यंत वाट बघितली आणि मग एकदाच, टक! माझ्याकडे न बघता म्हणाली, "श्वास घे गं. पेटवतेय मी आणि गुदमरतेस तू!"

एकदा घाईत मी माझा कुकर डाव्या बर्नरवर चढवला. ताई दारात उभी राहिली. "सैन्य मागे घे," म्हणाली. मी हसले, ती हसली नाही. म्हणाली, "आईने मला कधी विस्तवाजवळ जाऊ दिलं नाही. मायेनेच गं, पण नाही दिलं. केस पिकायला लागले तेव्हा मला माझी चूल मिळाली. ती मी कुणाला देणार नाही."

मी कुकर उचलला. त्यानंतर डाव्या बर्नरला हात लावलेला नाही, पुसायलासुद्धा नाही.

*

दादा म्हणजे तिचा भाऊ, दिवाळीनंतर अमरावतीहून येतो. देवमाणूस. पण बहिणीचं एक वाक्य पुरं होऊ देईल तर शपथ! "मला पा..." म्हणाली की पाणी आणून देतो. तिला म्हणायचं असतं, मला पापड नको.

गेल्या खेपेला म्हणाला, "वसू, घरी खोली तयार आहे. बसून राहा, काही करायचं नाही. इथे तू कुणाच्या भरवशावर राहतेस?"

ताईने त्याला खूण करून गप्प बसवलं. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "ही माझ्या भरवशावर राहते!"

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. खरंच होतं ना ते, फ्लॅट तिच्या नावावर!

*

आणि मग ती भानगड झाली. पेन्शनच्या पडताळणीसाठी वॉर्डातून एक साहेब आले. चष्मा, पाठीला सॅक, चेहऱ्यावर प्रचंड घाई. ताईला प्रश्न विचारत होते आणि मी स्वयंपाकघरातून ओरडले, "ताई, दूध उतू जातंय!"

साहेबांचा चेहरा उजळला. "अच्छा, ये आपकी ताई हैं!"

"हाँ जी, ताई हैं," मी म्हणाले. आपण मोठ्या बाईला ताई नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

पण हिंदीत ताई म्हणजे मोठी काकू! सख्खी, घरातली, वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. ताईच्या ते बरोबर लक्षात आलं. ती सांगायला लागली, "ये मेरी को..." तिला म्हणायचं होतं, कोई नहीं लगती.

"कोई बात नहीं, समझ गया!" साहेब म्हणाले आणि लिहून टाकलं, भतीजी. म्हणजे मी पुतणी!

पुढच्या महिन्यात पेन्शन बंद. कारण काय, तर एकत्र कुटुंब आणि घरात नोकरीवाली पुतणी. मी म्हटलं, "जाऊ दे ना ताई, तुझ्या वाट्याचा गॅस मी भरते. आहे काय त्यात!"

ती म्हणाली, "मग मी तुझ्याकडे पाहुणी झाले. पाहुणीच व्हायचं तर दादाकडे काय वाईट?"

फेरतपासणीचा अर्ज तिने एका बोटाने टाइप करून पाठवला. पण त्याच संध्याकाळी तिने दादाला फोन करून विचारलं की त्या खोलीला खिडकी कुठल्या बाजूला आहे. मी उजव्या बर्नरवरची पोळी करपवली.

*

फेरतपासणीला तेच साहेब आले. मी ताईचा अर्थ समजावून सांगितला, माझं ओळखपत्र दाखवलं, दोघींची आडनावं दाखवली.

"चलिए, रिश्तेदार नहीं हैं, मान लिया," साहेब म्हणाले. "पर रहती तो साथ हैं. हम तो एक ही चीज़ देखते हैं. चूल्हा एक, तो परिवार एक."

आणि सरळ स्वयंपाकघरात शिरले. शेगडीकडे बघितलं. "चूल्हा तो एक ही है," म्हणाले आणि खिशातून पेन काढलं.

मी तोंड उघडलं. ताईने नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी तोंड मिटलं. आयुष्यात इतकं कठीण काम मी केलेलं नाही!

ताई भिंत धरत धरत आली. "सा... हब..."

"जी, मैं समझता हूँ आपकी मजबू..."

ताईने हात वर केला. तो हात हवेत थरथरत होता, पण साहेब थांबले. पहिल्यांदाच थांबले!

तिने कोपर भिंतीला टेकवलं. लायटर दोन्ही हातांत धरला. हात शांत होईपर्यंत वाट बघितली. आम्ही दोघंही बघत राहिलो. टक! डावा बर्नर पेटला. मग तिने लायटर माझ्यापुढे धरला. मी उजवा पेटवला.

"ये मेरा," ताई म्हणाली. "वो इनका. गिन लीजिए."

साहेबांनी बर्नरकडे पाहिलं, मग वर फळ्यांकडे. इकडचे डबे, तिकडचे डबे. "नमक भी अलग?" त्यांनी हळूच विचारलं. ताईने मान डोलावली. साहेबांनी कागद ओट्यावर ठेवला, भतीजी खोडलं आणि लिहिलं, चूल्हे दो. खाली सही ठोकली. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू!

ताई म्हणाली, "अब चाय पीजिए. किस चूल्हे की लेंगे?"

साहेब पहिल्यांदा हसले. सॅक काढून खाली ठेवली. "आपके वाले की, ताई."

ताई माझ्याकडे वळली, मग त्यांच्याकडे. तिने वाक्य सुरू केलं. कुणालाही घाई नव्हती.

"लिख लीजिए... एक भतीजा... और!"