फोटोत नसलेली आत्या

बारा वर्षांनी येणारा महामहमचा मेळा आमच्या कुंभकोणमला भरला होता, आणि त्या गर्दीत आमची आत्या हरवली... एकोणीसशे पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा कॉलेजात होतो.

तुम्ही मंडळी या ग्रुपवर हौसेनं जुने मॅन्युअल कॅमेरे घेता, लेन्सवरच्या बुरशीवरून भांडता, म्हणून म्हटलं सांगावं. माझा पहिला कॅमेराही जुनाच. भांडीवाल्याच्या दुकानात मोडीच्या पितळेत पडलेला... जर्मन, घडीचा, पुढचा चामडी भाता भोकं पडलेला. छत्रीचं काळं कापड आणि सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन लावून मी ती भोकं बुजवली. अप्पा, म्हणजे माझे वडील, त्याला भंगारच म्हणायचे.

त्यात फोकस दिसायचा नाही. माणूस किती लांब आहे ते आपण ठरवायचं, लेन्सभोवतीचं कडं त्या आकड्यावर आणायचं आणि देवाचं नाव घेऊन बटण दाबायचं.

मेळ्याच्या सकाळी त्यात पहिलाच रोल घातला आणि घरच्यांना परसात उभं केलं. थोरल्या अण्णाचं नुकतंच लग्न झालं होतं, म्हणून नवी वहिनी मधोमध. शिंप्याकडच्या टेपनं आठ फूट मोजले, कडं आठवर आणलं आणि ओरडलो, "अस्के इकडे पाहा!" आमच्या तंजावरकडच्या मराठीत सगळ्यांना अस्के म्हणतात.

अस्के म्हणजे आत्या सोडून. ती अप्पांची थोरली बहीण, बालविधवा, जन्मभर आमच्याच घरी राहिलेली. नव्या नवरीच्या फोटोत आपण नको, हे तिनं स्वतःच ठरवलं आणि पार लांब, विहिरीपलीकडच्या धुण्याच्या दगडापाशी जाऊन उभी राहिली. तिला कोणी बोलावलंही नाही. तेव्हा ते कोणाला खटकायचं नाही.

दुपारी स्नानाच्या महामहम तळ्याच्या पायऱ्यांवर मागून लोंढा आला. आईनं तिचा हात घट्ट धरला होता... तो सुटला. वळून पाहिलं तर नुसती डोकीच डोकी.

आमची पाचावर धारण बसली. आत्याचे कान पूर्ण गेलेले, त्यामुळे लाउडस्पीकरवरून नाव पुकारून उपयोग नाही. अलीकडे आठवणही दगा देऊ लागली होती, कधी कधी तिला आमची गल्लीसुद्धा सांगता यायची नाही. आणि पाणी तर समोरच होतं... ते कोणी तोंडानं बोललं नाही, पण सगळे तिकडेच बघत होते.

स्वयंसेवकानं विचारलं, "दिसायला कशी?" अप्पा म्हणाले, पांढरं लुगडं, डोईवर पदर. त्यानं गर्दीकडे नुसता हात केला. तशा म्हाताऱ्या हजारांनी होत्या. "फोटो आहे का?"

फोटो! उभ्या आयुष्यात तिचा एकही फोटो कोणी काढला नव्हता. पण सकाळी बटण दाबताना कोपऱ्यात एक पांढरा ठिपका दिसल्याचं मला आठवलं. कॅमेरा गळ्यातच होता, मी अप्पांना घेऊन स्टुडिओकडे धावलो. फोकस आठ फुटांवर होता, म्हणजे मागे ती पुसटच येणार, हे मला पक्कं ठाऊक होतं... अप्पांना सांगायचा धीर झाला नाही.

स्टुडिओवाला तमिळ, मला तंबी, म्हणजे धाकटा भाऊ म्हणायचा; तो रोल घेऊन अंधाऱ्या खोलीत गेला. अप्पा बाहेर बाकावर डोळे मिटून विठ्ठल विठ्ठल म्हणत बसले. मला तर बसवतही नव्हतं.

त्यानं ओली निगेटिव्ह उजेडात धरली. वहिनी, अण्णा, आई, अप्पा... सगळ्यांचे चेहरे धुक्यात बुडालेले. संपलं, असं मी मनाशी म्हटलं.

त्यानं मात्र भिंग लावलं, आणि मग ते माझ्या हातात दिलं. "तंबी, ही मागची बाई कोण?"

आत्या. धुण्याच्या दगडापाशी, डोईवर पदर, नजर थेट माझ्याकडे... कपाळावरच्या आठ्यासुद्धा मोजून घ्याव्यात इतकी स्पष्ट. कॅमेरा परदेशी, त्याच्यावरचे आकडे मीटरचे होते. मी फूट समजून आठवर ठेवला, आणि आठ मीटरवर आमच्या घरातलं एकच माणूस उभं होतं.

तेवढाच भाग मोठा करून घेतला आणि ओला फोटो हातात धरून आम्ही एकेक तंबू पालथा घातला. दवाखान्याच्या तंबूतली बाई फोटो पाहताच उठली. "ही आजी? चोळपुरम्, चोळपुरम् म्हणत होती. आत्ताच तिकडच्या बैलगाडीत बसवून दिलं."

चोळपुरम् तिचं सासर. लग्नानंतर थोडेच महिने राहिली होती ती तिथे. तिथं तिचं आता कोणी नव्हतं...

गाड्या रस्त्याला लागल्या होत्या. एकीच्या मागच्या टोकाला आत्या पितळी तांब्या पोटाशी धरून बसलेली दिसली. अप्पा हाका मारत राहिले, पण तिला ऐकू कुठलं येतंय! शेवटी धोतर सावरत माझे वडील, ज्यांना कधी भरभर चालतानाही मी पाहिलं नव्हतं, पळत जाऊन बैलांच्या पुढ्यात उभे राहिले.

घरी आल्यावर आईनं तिला ऊन भात वाढला. मग मी फोटो दाखवला. तिनं तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"मीं ह्यांत कशी आलें?" ती घाबरूनच म्हणाली. "मला तर कोणी बोलाविलें नव्हतें."

अप्पा काहीतरी म्हणाले, पण तिला ते ऐकू गेलं नाही. मग ते उठले, तिच्या शेजारी जाऊन बसले आणि तिचं जेवण होईपर्यंत बसूनच राहिले.

पुढे चांगले, महागडे कॅमेरे घेतले, शेकडो फोटो अचूक फोकसमध्ये काढले... पण आभार मानायचे झाले तर मी त्या एका चुकलेल्या फोटोचेच मानीन.