आधी तुम्ही, इवाईबुवा

आमच्या व्याह्यांच्या मागे राहून दाखवील असा माणूस अख्ख्या विदर्भात अजून जन्माला यायचा आहे. पुढे घुसणारे लोक नागपुरात पैशाला पासरी मिळतात. बसमध्ये, बँकेत, महाप्रसादाच्या पंगतीत ते आपल्याला रोज भेटतात. पण मागे राहण्यासाठी जिवाचं रान करणारा माणूस मी हा एकच पाहिला. कोराडीच्या वीजकेंद्रात, कोळशाच्या विभागात त्यांची सारी नोकरी गेली. कामगारांच्या बसमध्ये ते सगळ्यांत शेवटी चढायचे, आणि लांबून कुणी धावत येताना दिसला की चढलेले खाली उतरून त्याला आधी चढवायचे. त्याच्या मागून दुसरा येत असला तर पुन्हा उतरायचे. ड्रायव्हर कपाळावर हात मारून घ्यायचा, पण त्यांच्या निरोप समारंभात म्हणे सगळ्यांत जास्त तोच रडला. वीजकेंद्राच्या राखेनं घर करडं होणाऱ्या तिथल्या वसाहतीत राहून या गृहस्थांचं धोतर बगळ्यासारखं कसं राहायचं, हे मात्र मला आजवर उलगडलेलं नाही.

त्यांचा हा गुण मला आमच्या प्राचीच्या लग्नात कळला. मुलाचा बाप म्हणजे त्या दिवसापुरता राजाच, आणि मी तर मुलीचा बाप. त्यातून मी नागपूरच्या महाल भागातला भांड्यांचा दुकानदार, स्वभावानं तापट. मानपानात काही कमी पडलं आणि माझ्या तोंडून भलतंच गेलं तर, या धास्तीनं मी अर्धा झालो होतो. पंगत बसली आणि वरपिता जागेवर नाहीत. रुसले की काय म्हणून मी मांडवभर धावलो, तर गृहस्थ वाढप्यांच्या रांगेत बुंदीची बादली घेऊन उभे. मी हात जोडले. म्हणालो, "तुमी बसा न जी, लोक मले नावं ठेवतीन." ते शांतपणे म्हणाले, "पोरगी देते त्याचा मान पयला, इवाईबुवा. आमी तं घेनारे. घेनाऱ्यानं मांगं उभं राहावं." इवाई म्हणजे व्याही, त्यांच्याकडे असंच म्हणतात. त्या दिवशी मी बसल्याशिवाय ते बसेनात आणि ते बसल्याशिवाय मी बसेना. आम्ही दोघं जेवलो तेव्हा मांडवाच्या कनाती उतरत होत्या आणि बुंदी संपलेली होती.

पुढे त्यांच्या या मानपानाला मी वैतागत गेलो आणि सवयीचाही होत गेलो. ते दुकानात आले की मी गादीवर टेकेपर्यंत उभेच राहायचे, आणि गिऱ्हाइकाला वाटायचं की हाच नोकर. चहाचा पहिला कप माझा, पानाचा पहिला विडा माझा. एकदा आमच्या गल्लीत समोरून सांड आला, तेव्हा तेवढे ते माझ्या पुढे झाले. बाकी सदैव मागे.

मग आमची प्राची गेली. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेलेली पोर परत आली नाही. मागे राहिली तिची रेवा, तेव्हा धड बोलतही नव्हती. त्या दिवसांतलं मला फारसं आठवत नाही. एवढं आठवतं, की दवाखान्याची लिफ्ट आली की व्याही माझ्या खांद्याला हात लावून मला आधी आत घ्यायचे, आणि स्वतः दाराशी, सगळ्यांच्या मागे उभे राहून डोळे पुसायचे.

मुलगी गेली की व्याही कसले, असं आमच्या गल्लीत लोक बोलले. खोटं तरी काय म्हणावं? ज्या धाग्यानं दोन घरं बांधलेली असतात तोच तुटला, तर कोण कुणाकडे कोणत्या नात्यानं जाणार? पण हे गृहस्थ दर रविवारी कोराडीहून बसनं रेवाला घेऊन महालात येत राहिले. तिला दारातून आधी आत पाठवायचे, मग स्वतः यायचे. माझी बायको आठवडाभर त्या रविवारावर जगायची. रेवाला शिऱ्यातले मनुके आवडत नाहीत, तर ते वेचून काढायचं काम माझ्याकडे असे.

यंदा उन्हाळा लागता लागता आम्हाला बाहेरून कळलं की जावयांचं दुसरं लग्न ठरलं आहे. वाईट वाटण्यासारखं त्यात काही नव्हतं. तरणा माणूस, पदरात पोर. आम्हीच म्हणत होतो, आता करा म्हणून. पण व्याही त्याविषयी अवाक्षर काढेनात, तेव्हा आम्ही नको ते हिशेब करू लागलो. नवी सून येईल, तिचे आईवडील येतील, रेवाला नवं आजोळ मिळेल. मग दर रविवारी महालात कोण कशाला येतंय? अशातच व्याह्यांचा फोन आला. कळमेश्वरच्या पुढे मोठं रिसॉर्ट झालं आहे, पाण्याचे खेळ आहेत, पाळणे आहेत, झुकझुक गाडी आहे, रेवाच्या सुट्ट्या आहेत, दोन दिवस चौघंही म्हातारे तिला घेऊन जाऊ. मी हो म्हणून फोन ठेवला. बायको म्हणाली, "हे निरोपाचं जेवण आहे. तुमच्या ध्यानात नाही येऊन राहिलं का?" आलं होतं ध्यानात.

रिसॉर्ट म्हणजे एक लहानसा तालुकाच होता. फाटकापासून खोल्या लांब, खोल्यांपासून जेवणघर लांब, आणि पाण्याचे खेळ तर दुसऱ्या गावाला असावेत इतके लांब. सगळीकडे बॅटरीवर चालणाऱ्या उघड्या गाड्या फिरत होत्या. थांब्यावर उभं राहायचं, गाडी आली की बसायचं, इतकं सोपं. इतकं सोपं ते आमच्याशिवाय इतरांसाठी. आमच्या थांब्यावर पहिली गाडी आली तशी व्याही बाजूला सरकून म्हणाले, "बसा इवाईबुवा." मी म्हणालो, "तुमी बोलावलं, तुमी बसा." ते म्हणाले, "असं कसं?" गाडीवाल्यानं दोन्ही तोंडांकडे पाहिलं आणि तो निघून गेला. दुसरी गाडी आली, तीही गेली. विहीणबाई थांब्यावरच्या बाकावर चप्पल काढून गुडघे चोळत बसल्या होत्या. माझ्या बायकोला म्हणाल्या, "बसा वं बाई. आमच्या इथं तं हे रोजचं आहे."

झुकझुक गाडीत त्यांनी आम्हा नवराबायकोला इंजिनामागच्या डब्यात बसवलं आणि स्वतः शेवटच्या डब्यात बसले. मधल्या रिकाम्या डब्यांवरून आमचं बोलणं ओरडून चाललं होतं. पाण्याच्या घसरगुंडीवर तर त्यांनी कहर केला. रेवाला वर घेऊन आम्ही दोघं आजोबा उभे, खाली निळं पाणी, मागे पोरांची रांग, आणि हे म्हणतात, "मानाचे पयले." मी साठी उलटलेला माणूस, मनगटावर घड्याळ, खिशात चष्मा, मानाखातर त्या नळीतून डोक्यापर्यंत पाण्यात गेलो. वर आलो तेव्हा रेवा टाळ्या पिटत होती. मी रागावणार होतो, पण माझ्या पोरीची पोर इतकी हसताना मी फार दिवसांत पाहिली नव्हती. राग तिथेच विरला.

या सगळ्या फिरण्यात एक गोष्ट मात्र मला खुपत होती. व्याह्यांना काही बोलायचं होतं. दोघंच असलो की ते घसा साफ करत, "इवाईबुवा, एक गोष्ट बोलाची होती," आणि तेवढ्यात कुठली तरी गाडी येई, की लागलीच ते मला बसवायच्या नादी लागत. मला तर वाटे, गाडी आली की त्यांना सुटल्यासारखं होतं. ऐकायची मलाही घाई नव्हती. काय ऐकायचं आहे हे मी ठरवून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाण्यातून निघून आम्ही जेवायला चाललो होतो. गाडी आली, रेवा टुणकन पुढच्या बाकावर जाऊन बसली. माझ्या बायकोनं विहीणबाईंना पुढे केलं, त्यांनी हिला पुढे केलं. इकडे आम्हा दोघांचं नेहमीचं चाललेलंच होतं. चार माणसं चार बाजूंनी एकमेकांना आग्रह करतायत, तेवढ्यात मागून एक मोठं कुटुंब आलं आणि भराभर बसलं. गाडीवाल्याला वाटलं पोरगी त्यांचीच. गाडी गेली. "आधी तुम्ही" म्हणता म्हणता मी वळून पाहिलं, तर गाडी नव्हती आणि रेवाही नव्हती.

पुढे रस्त्याला तीन फाटे होते. कुठल्या फाट्यानं गाडी गेली ते कुणीच पाहिलं नव्हतं. ऊन रणरणत होतं. माझ्या बायकोनं माझा हात घट्ट धरला. मला तिच्या मनातलं कळत होतं, कारण माझ्याही मनात तेच होतं. एक गमावलेली होती. आता ही.

तेवढ्यात खोल्यांच्या चादरी नेणारी सामानाची एक गाडी आली. व्याही रस्त्याच्या मधोमध उभे राहिले, गाडी थांबवली आणि धोतर सावरत सर्वांच्या आधी चढले. मला म्हणाले, "चढा, पाहून काय राहिले?" सांडाचा तेवढा प्रसंग सोडला, तर उभ्या जन्मात त्यांनी माझ्या आधी पाय टाकला तो हा पहिलाच. मी मळक्या चादरींच्या गठ्ठ्यावर, त्यांच्या मागे बसलो. ते उभ्यानंच दोन्ही बाजूंना रेवाच्या नावानं हाका मारत होते, आणि त्यांचा आवाज फाटला होता.

रेवा जेवणघराच्या थांब्यावर बसलेली सापडली. पाय हलवत, ओल्या केसांनी, मजेत. शेजारी राखणदार उभा होता. तो म्हणाला, "मी विचारलं, तुझं कोण आहे सोबत? तं म्हणे, माझे दोन आजोबा एकमेकाले बसवून राहिले, बसले की येतीन."

व्याही थांब्याच्या पायरीवर खालीच बसले. मला बसा म्हणायचंही त्यांना सुचलं नाही. रेवाला जवळ ओढून ते रडायला लागले. मागे राहिलेल्या आमच्या बायकांनाही कुणीतरी गाडीतून आणून सोडलं. त्या येऊन रेवाला चाचपून पाहत होत्या, तेव्हा मी व्याह्यांना म्हणालो, "जाऊ द्या जी. सापडली न. काय बोलाचं होतं ते बोलून टाका आता."

ते खाली मान घालूनच बोलले. "पोराचं लग्न जमलं, हे तुमाले समजलंच असन. पोरगी चांगली आहे. लहानपनीच माय-बाप गेले तिचे, काकानं वाढवली. आमच्यात जुनी रीत आहे इवाईबुवा. पयलीच्या माय-बापानं दुसरीले पोरगी मानलं, तं तिचं माहेर तेच होते. बांगड्या तेच भरते, सनावाराले तेच आनते-पोचवते. मंग रेवा तुमच्या घरी पाहुनी म्हनून नाही येनार. मायच्या माहेरी येईन. माह्या नातीचं आजोळ तुटलं नाही पायजे." धोतराच्या सोग्यानं डोळे पुसून ते म्हणाले, "पन ज्याची पोर गेली त्याच्या दारी जाऊन, तिच्या जागी दुसरीले बसवा म्हनून कोन्या तोंडानं म्हनू? दोन दिवस झाले, जीभ रेटून नाही राहिली."

म्हणजे हा माणूस आम्हाला निरोप द्यायला नव्हे, मागणी घालायला घेऊन आला होता. मला एकदम हलकं वाटलं, आणि लगेच तितकंच जड झालं. रेवा राहणार होती. पण आमच्या उंबऱ्यावर दुसऱ्या कुणाची तरी मुलगी उभी राहणार, आम्हाला आई-बाबा म्हणणार, आणि ते ऐकताना दर वेळी मला प्राचीचा आवाज आठवणार. हो म्हणायला मन धजेना. नाही म्हणायची तर माझी प्राज्ञाच नव्हती. मी बायकोकडे पाहिलं. तिचा चेहरा मला वाचता येईना, इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच.

ती पदरानं रेवाचे केस पुसत होती. पुसणं न थांबवता तिनं विहीणबाईंना विचारलं, "तिच्या बांगडीचं माप काय आहे?"

"सव्वादोन असन," विहीणबाई हळूच म्हणाल्या. "हात लहान आहे तिचा."

आमच्या कपाटात प्राचीच्या बांगड्या अजून तशाच ठेवलेल्या आहेत, त्यांना मी कधी हात लावत नाही. बायको लावते, हे मला ठाऊक आहे.

"प्राचीले अडीच लागत होत्या," ती म्हणाली. "त्या हिले ढिल्या होतीन. नव्याच घ्याव्या लागतीन."