एकतीस वेळा मेलेले आजोबा

शॉमबर्गमध्ये आमच्या शेजारी राहणाऱ्या गोऱ्या आजोबांइतका भित्रा माणूस अख्ख्या अमेरिकेत सापडायचा नाही. आणि या माणसानं हॉलिवूडमध्ये उभी हयात गुंड म्हणून काढली! कृष्णधवल जमान्यात यांनी बँका लुटल्या, पोलिसांवर गोळ्या झाडल्या आणि दर वेळी नायकाच्या हातून मेले. एकतीस सिनेमे, एकतीस मरणं. आम्हाला कळलं ते एका रविवारी, टीव्हीवर. आदल्याच दिवशी बाथटबमधला कोळी काढायला मला हाका मारणारे आजोबा पडद्यावर एका म्हातारीला जिन्यावरून ढकलत होते! पोह्यांचा घास माझ्या हातातच राहिला. "मॉम, हे आपले ग्रँपा?" म्हणत लेक सोफ्यामागे लपली.

मी तरातरा जाब विचारायला गेले. तर म्हणतात कसे, "फार गोड बाई होती गं ती. प्रत्येक टेकनंतर मी तिची माफी मागायचो." स्वतःचा एकही सिनेमा त्यांनी पुरता पाहिला नव्हता. आपण मेलो की उठून घरी जायचं, पुढचं काय करायचंय? मग हळूच म्हणाले, "एकदा तरी शेवटपर्यंत जगायचं होतं मला." वय वर्षं एक्याण्णव. मला भडभडून आलं.

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या नाटकात मी नवरीची आई होते. नवरीच्या आजोबांच्या कामाला मी यांना घुसवलं. "ताई, गुंडाला आशीर्वाद द्यायला लावता यार?" सेक्रेटरी कुरकुरला. मराठी वाक्य एकच, "सुखी राहा." दोन आठवडे ते कुंपणापाशी उभे राहून खारींना सुखी राहा म्हणत होते.

प्रयोगात नवरी पाया पडायला वाकली, इतक्यात मांडवातला एक फुगा फट्‌कन फुटला. आजोबांनी छाती धरली आणि धाडकन कोसळले. सगळा हॉल गारठला. "अगं आई गं!" मी धावले, नाडी शोधायला लागले. त्यांनी एक डोळा उघडला. "सॉरी, सवय!"

रागावू की रडू, मला कळेना. पण ते गुडघ्यावर हात टेकून उठले, नवरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि खणखणीत म्हणाले, "सुखी राहा." टाळ्या थांबेनात. आम्ही सगळे हात धरून रांगेत उभे राहिलो.

"आता काय करायचं?" त्यांनी घाबरून विचारलं.

"काही नाही आजोबा. नुसतं उभं राहायचं."

पडदा पडला, माणसं जेवायला पांगली, तरी त्यांनी माझा हात सोडला नाही.