सहाशे दहा ग्रॅम

मी धाराशिवला ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. भुताखेताचे अनुभव सांगणाऱ्याला "पुरावा काय?" असं तोंडावर विचारणारा माणूस आहे मी. माझा विश्वास नव्हताच, आजही आहे की नाही ते मलाच कळत नाही. पण या वेळी पुरावा माझ्याच मोबाइलमध्ये आहे... आणि मला तो बघवत नाही.

मला अल्ट्रालाइट ट्रेकिंगचा नाद आहे. पाठीवरचं ओझं ग्रॅम-ग्रॅमनं कमी करायचं, कपड्यांची लेबलंसुद्धा कापून टाकायची. बायको म्हणते, त्यापेक्षा पोट कमी करा. मागच्या वर्षी मी स्लीपिंग बॅग सोडून क्विल्ट घेतली. क्विल्ट म्हणजे पाठीखालचा भाग आणि चेन काढून टाकलेली, पायाशी पिशवीसारखी शिवलेली, बदकाच्या मऊ पिसांची पातळ रजई. वजन पिशवीसकट सहाशे दहा ग्रॅम.

मे महिन्यात हिमालयात जायचं होतं. म्हणून जानेवारीत सराव करायला भूमला गेलो. तिथं माझी सासुरवाडी. मेहुणा बालाजी तिथं मेडिकल चालवतो, तो सोबत आला. गावाबाहेरच्या डोंगरात दोन दिवस चालायचं, माळावर मुक्काम करायचा, एवढाच बेत. रात्री काहीही झालं नाही, हे आधीच सांगतो. गाढ झोपलो.

झालं ते सकाळी अकराला, लख्ख उन्हात. एका कोरड्या ओढ्यात उतरत होतो आणि अचानक पाठ मागं ओढली गेली. मी मटकन खालीच बसलो.

"दाजी! काय झालं?"

"बॅग... जड झाली."

बालाजी हसला. मग माझा चेहरा बघून हसायचा थांबला. "डावा हात दुखतोय का? छातीत?" दुखत काहीच नव्हतं. त्यानं माझी बॅग काढली – दोन बोटांनी उचलली. "ह्यात तर काहीच न्हाय दाजी!"

मी हात घातला. एका हातानं उचलेना. मग त्याची बॅग उचलून बघितली, ती माझ्या दुप्पट वजनाची. सहज उचलली. म्हणजे हातात ताकद होती.

आम्ही माझं सगळं सामान खडकावर ओतलं. भांडं, जॅकेट, पाण्याची बाटली... सगळं ठीक. शेवटी क्विल्टची पिशवी उचलली आणि माझं मनगट खाली गेलं.

बॅगा तोलायचा हुकाचा डिजिटल काटा माझ्याकडं कायम असतो. बालाजीनं पिशवी अडकवून धरली – ०.६१०. तोच काटा, तीच पिशवी मी धरली.

७.३६०.

पुन्हा केलं. पाच वेळा केलं. त्याच्या हातात सहाशे दहा ग्रॅम, माझ्या हातात सात किलोच्या वर. बालाजीनं माझ्या मोबाइलवर दोन्हीचे फोटो काढले. पहिला हलला, म्हणून तो परत काढला.

ओढ्याच्या वर एक म्हातारी शेरडं चारत होती. आमचा गोंधळ बघून ती खाली आली. बालाजीनं तिला सगळं सांगितलं. तिनं पिशवी हातात घेतली. "पिसावाणी हाय की!" मग ती माझ्या हातात दिली आणि खालून आपला तळवा लावला. तिचा तळवा माझ्या हाताबरोबर खाली दबला. तिनं झटकन हात काढून पदराला पुसला.

मी विचारलं, "मावशी, इथं काही... आहे का?"

"म्या लई वर्सं झाली हितं शेरडं राखते, बाबा. असलं कदी न्हाय बघितलं." ती बालाजीकडं वळली. "तू घे ते. ह्यास्नी हात लावू दिऊ नको."

तिनं तरी काही गोष्ट सांगावी, एखादं नाव घ्यावं, असं मला फार वाटत होतं. तिनं शेरडं वळवली आणि मागं न बघता निघून गेली.

बालाजीनं क्विल्ट त्याच्या बॅगेत अगदी तळाशी कोंबली. दीड तासानं डांबरी लागली, जीप मिळाली. घरी पोचल्यावर मी पिशवी अडकवून काटा धरला – ०.६१०. त्यानंतर तो आकडा कधीच बदलला नाही. ईसीजी काढला, न्यूरोच्या डॉक्टरांना दाखवलं, सगळं नॉर्मल. काट्याचे सेल बदलले, ठरावीक वजनं लावून तो तपासला. काटा बरोबर. हिमालय मात्र मी रद्द केला.

बालाजी हा विषय टाळायचा. मागच्या महिन्यात तो आमच्याकडं आला, जेवण झाल्यावर म्हणाला, "दाजी, एक सांगायचं राहिलंय. तुमी आधीच घाबरला होता म्हणून बोललो न्हाय."

"काय?"

"क्विल्ट माझ्या पाठीवर हलकीच होती. पण ती गरम होती. डांबरी लागंपर्यंत. कुणीतरी आत्ताच अंथरुणातून उठून गेल्यावर असतं ना... तशी."

मी म्हणालो, उन्हानं असेल. तो म्हणाला, "बॅगेत सगळ्यात खाली होती, दाजी. वरचं सामान गार होतं."

मी उन्हाचा मुद्दा सोडून दिला. कारण क्विल्ट स्वतः ऊब तयार करत नाही. ती फक्त आतल्या शरीराची ऊब धरून ठेवते. माझी त्या सकाळची ऊब निघून जाऊन तेव्हा चार-पाच तास झाले होते.

वर्गात मुलांना मी सांगतो, प्रत्येक गोष्टीला कारण असतं. अजूनही तेच सांगतो. या गोष्टीचं कारण मला माहीत नाही.