रडकी घागर

मखमलाबाद रोडवरच्या नर्सरीत गोरख माळीकाम करतो. हात रिकामा झाला की कुंड्यांवर चुन्यानं चित्रं काढतो. गिऱ्हाईक म्हणतं, "वा, काय मोर काढलाय!" तर हा मान खाली घालून सांगतो, "कुंडीत जास्वंद आहे. ऊन लागतं तिला."

त्याची माय धोंडाबाई दिवाळीनंतर गेली. मूळची सटाण्याकडची, याच नर्सरीत जन्मभर खुरपं चालवलेली. तिला नेलं तेव्हा सगळे रडले. गोरख तेवढा खांबासारखा उभा. भावकीत कुणीतरी बोललंच, "दगड हाये हा." ते त्यानं ऐकलं.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. गेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरायची, पुजायची अन् त्याच्या बरोबरीच्या कुणाला तरी त्याच्या जागी जेवू घालायचं. मायची ही पहिलीच घागर. तोंडानं जमलं नाही ते घागरीवर काढायचं, असं गोरखनं मनाशी धरलं. कुंभारवाड्यातून घागर आणली, गेरूनं सारवली अन् शेडमध्ये बसून बांबूच्या काडीनं माय काढली. पदर खोचलेली, हातात झारी, भोवती रोपं. पुढचा पडका दात काही दाखवता येईना, म्हणून तोंडात मिसरीचं बोट दिलं.

जेवायला सांगायचं ते सुमनबाईला. मायच्या शेजारी बसून निंदणारी, अन् दिवसातून एकदा तरी तिच्याशी भांडणारी. गोरख तिच्या दारात जाऊन नुसता उभा राहिला.

"आखाजीचं सांगाया आला ना?" सुमनबाईच म्हणाली. "येते, बाबा. तू नको दमू बोलून."

आखाजीला नर्सरीमागच्या त्याच्या दोन खोल्यांत पुरणाच्या मांड्यांचा वास सुटला. गोरखनं घागर भरली, हळदकुंकू वाहिलं, वर खरबूज ठेवलं. सुमनबाई पाटावर बसली. स्नेहल, त्याची बायको, ताट घेऊन आली अन् थबकली.

"अहो, घागर गळतीय!"

फुटली नव्हती. अंगभर पाझरत होती. गेरू ओला झाला होता, झारी फिसकटली होती, मायच्या पदराचा चुना ओघळून पाटावर आला होता.

"पहिल्याच घागरीला असं?" स्नेहलनं ताट खाली ठेवलं. "वाजवून नाही का हो घेतली?"

घेतली होती. तिथंच तर घोळ झाला. रोप लावलं की माय त्याच्या बुडाशी मडकं पुरायची; आतलं पाणी झिरपत मुळांना मिळायचं. "टणटणीत मडकं काय कामनं? रडतं लई ये, बापू," म्हणायची; रडतं, म्हणजे पाझरणारं, घेऊन ये. बद्द वाजणारी, पाझरणारी मडकी कुंभार त्यांच्यासाठी कोपऱ्यात वेगळी ठेवायचा. या वेळी दुकानावर त्याची नवी सून होती. गोरखचे पाय आपसूक त्या कोपऱ्याकडे वळले. बद्द वाजलेली घागर त्यानं चांगली म्हणून उचलली. तिनंही दिली.

तो ओघळाकडे बघत राहिला. मायचा चेहरा अजून शाबूत होता.

सुमनबाई मात्र पदर तोंडाला लावून हसायला लागली. "अगं, धोंडीनं जन्मात कधी धड मडकं घेतलंय का? मी तिला म्हणायचे, तुझ्या घरात माणसं कोरडी अन् मडकी रडकी!"

गोरखनं मान वर केली. मग म्हणाला, "चाफा सुकतोय मायचा."

मागल्या पावसाळ्यात मायनं लावलेला सोनचाफा दाराशीच होता; त्याला मडकं पुरायचं तिचं राहूनच गेलं होतं. उन्हानं पानांच्या कडा करपल्या होत्या. गोरखनं कुदळ घेतली. मुळं न दुखावता बुडाशी खड्डा केला, घागर उचलून आणली अन् गळ्यापर्यंत पुरली. माती लोटताना त्याच्या हाताला मायच्या तोंडावरचा चुना लागला. मग तो तसाच गुडघ्यांवर बसून राहिला, खांदे हलत राहिले. स्नेहल पुढं व्हायला लागली, तर सुमनबाईनं तिचा हात धरला.

"एवढं चित्र मातीत घातलंस रे," खांदे थांबल्यावर सुमनबाई म्हणाली. "कुणी बघितलंबी नाय."

"तिलाच दाखवायचं होतं," गोरख नाक पुसत म्हणाला.

"मग चल आता, हात धू. तुझ्या मायला भूक लागलीय." सुमनबाई गुडघ्यावर हात टेकत पाटाकडे वळली. "अन् स्नेहल, आमटीत मीठ वाढव. धोंडीला अळणी चालायचं नाय."