यादीत नसलेली सहावी ओळ

शनिवारी दुपारी आम्ही दोघांनी शेवटचं स्टिकर चिकटवलं. प्रिंटरच्या पाठीवर. मी ते उलटं चिकटवलं. शांता म्हणाली, "अहो, आता त्या प्रिंटरला डोकं खाली पाय वर करून उभं करायचं का?" मी म्हणालो, त्याच्या पाठीमागं जाऊन वाचणार कोण आहे. तिनं नखानं ते सोडवलं, सरळ केलं, पदरानं दाबलं. मग डब्यातली उरलेली भाकरी अर्धी अर्धी खाल्ली आणि दोन बस बदलून यशवंतपूरला घरी आलो. दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं साधं काम.

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही. निपाणीकडनं इथं बेंगळुरूला आलो, बाजारात पंचवीस वर्षं पोती उचलली. स्मशानाच्या भिंतीला टेकून डबा खाल्लाय. कुणाच्या अंगात आलं की मी उठून जायचो. शिक्षण चौथी. चूकभूल सुधारून घ्या, पण सांगितलेलं बदलू नका.

सन नव्व्याण्णव. महादेवपुऱ्याकडं एका कॉम्प्युटर कंपनीत मी अटेंडर म्हणजे शिपाई, बायको शांता साफसफाईला. तिला तिथं सगळे शांताक्का म्हणत. त्या वर्षी एकच धास्ती होती — दोन हजार साल लागलं की यंत्रांची तारीख चुकणार. म्हणून हुकूम निघाला, कंपनीच्या प्रत्येक यंत्राला नंबर द्या, कुठलं कशाला जोडलंय ते लिहून काढा. हे काम नागपूरच्या वैशाली मॅडमकडं होतं. मी स्टिकर लावायचो, शांता नंबर वाचायची — तिला इंग्रजी आकडे यायचे, अक्षरं नाहीत — आणि मॅडम कॉम्प्युटरात लिहायच्या.

त्या यादीला मॅडम फिल्टर लावायच्या. म्हणजे दुसरा मजला म्हटलं की तेवढीच यंत्रं दिसणार. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी घाबरून विचारलं, बाकीची पुसली काय? त्या हसल्या. "लपतात काकाजी, जात नाहीत." शांता म्हणाली, पीठ चाळतो तसंच की. मला तेव्हा कळलं.

सोमवारी सकाळी पावणेदहाला सगळ्यांचं काम साठवणारं मोठं मशीन बंद पडलं. गिऱ्हाइकाचं तीन दिवसांचं काम गेलं. त्या वेळी त्या खोलीत शांता फरशी पुसत होती. झालं... हिनंच प्लग काढला म्हणाले. ती एवढंच म्हणाली, मी हात लावला नाही. मॅनेजरनी रजिस्टरात तिच्यावरच लिहिलं.

आता माझं सांगतो. संध्याकाळी घरी मी तिला म्हणालो, लागला असेल हात चुकून, कबूल करून टाक आणि मोकळी हो. ती म्हणाली, "तुम्ही पण?" एवढंच. ताट वाढलं, पण नंतर चार दिवस कामापुरतं बोलली.

शुक्रवारी सकाळी नळाला पाणी भरताना खाली बसली ती उठलीच नाही. छातीचं दुखणं जुनं होतं. त्या रजिस्टरामुळं मेली असं मी म्हणणार नाही. पण तो डाग घेऊन गेली, आणि मी विश्वास ठेवला नाही हे घेऊन गेली.

तेरावं झाल्यावर कामावर गेलो. पहिल्याच दिवशी, चारच्या सुमारास, मॅडमकडं गेलो. चांगलं ऊन होतं, आजूबाजूला दहा माणसं काम करत होती. म्हणालो, रजिस्टरात काय लिहिलंय ते मला मराठीत सांगा. त्यांनी नाइलाजानं सांगितलं — सफाईवालीनं प्लग काढला. मी म्हणालो, तुमच्या यादीत बघा की त्या मशीनच्या लाइनीवर काय काय आहे. करंट गेला तरी यंत्रं चालू ठेवणारा तो बॅटरीचा डबा असतो ना, यूपीएस, त्याला जोडलेलं सगळं. हे मला का सुचलं माहीत नाही.

मॅडमनी फिल्टर लावला. पाच ओळी यायला पाहिजेत. पाचही स्टिकर आम्हीच लावले होते. आल्या सहा.

सहाव्या ओळीला नंबर नव्हता. मॅडमनी वाचलं — इलेक्ट्रिक किटली, जागा कपाटामागं. शेवटी शेऱ्याचा रकाना असतो, तो बाकी सगळ्यांचा रिकामा. ह्या एकाच ओळीत काहीतरी होतं. मॅडम वाचता वाचता थांबल्या.

"काकाजी, हे तर मराठी आहे. इंग्रजी अक्षरांत लिहिलंय."

"काय लिहिलंय?"

"जपून हं, स्वल्प गरम आहे."

अडतीस वर्षं चहाचा पेला हातात देताना ती हेच म्हणायची. स्वल्प म्हणजे कन्नडात जरासं; अर्धं मराठी, अर्धं कन्नड, असली खिचडी तिचीच. घराबाहेर हे कुणाला ठाऊक नाही.

मशीनच्या खोलीत जाऊन मी आणि मॅडमनी मिळून कपाट सरकवलं. मागं किटली होती. मॅनेजरांची, घरनं आणलेली, कंपनीची नव्हे, म्हणून स्टिकर नाही आणि यादीतही नाही. वायर थेट यूपीएसला. मॅडमनी किटलीच्या बुडाचे आकडे वाचले, यूपीएसचे वाचले आणि डोक्याला हात लावला. किटली आणि मोठं मशीन एकदम चाललं की यूपीएस बंद पडणारच, म्हणाल्या. मॅनेजरांची कॉफी रोज पावणेदहाला; एरवी त्या वेळी मोठं मशीन रिकामं असायचं, त्या सोमवारी गिऱ्हाइकाच्या कामाला लागलेलं होतं. मागं दोन-अडीच आठवड्यांची धूळ साठली होती. किटली पण त्या सोमवारपासनं तिथंच पडलेली, तरी तिच्यावर बोट फिरवलं तर काही लागलं नाही.

परत येऊन मॅडमनी फिल्टर काढला आणि सगळी यादी वरपासून खालपर्यंत बघितली. किटली नाही. पुन्हा फिल्टर लावला. पाच ओळी.

आता मला सांगा, चाळल्यावर पीठ कमी होतं का वाढतं? यादीतच नाही ते चाळणीतनं आलं कुठनं? मी मॅडमना तोंडावर विचारलं, माझी दया येऊन तुम्ही लिहिलं काय? त्यांनी मुलीची शपथ घेतली. त्यांचा पासवर्ड दुसऱ्या कुणाला माहीत नाही. आणि चहाचं ते वाक्य त्यांना कोण सांगणार? शिकल्यासवरल्या माणसांना विचारून झालं, कुणी म्हणतं व्हायरस, कुणी म्हणतं म्हातारा चळला. म्हणा.

भीती वाटली नाही, खरं सांगतो. आधी राग आला, तिचाच. रोज कपाटामागं हात घालून पुसणारी ती, किटली तिनं बघितली असणारच. मला सांगायची होती की. मग वाटलं, कुणाला सांगणार? मी तर कबूल कर म्हणून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मॅनेजरांच्या आधी ऑफिसात पोचलो. किटली त्यांच्या टेबलावर ठेवली, शेजारी रजिस्टर उघडून ठेवलं आणि उभा राहिलो. ते आले, बघितलं, खुर्चीत बसले. मग म्हणाले, तप्पायितु अण्णा, चुकलं. मी म्हणालो, तोंडानं नको, लिहा.

त्यांनी जुनी ओळ खोडली. नवी लिहिली. मी मॅडमना बोलावून वाचून घेतली — दोष किटलीचा, सफाईवालीचा नाही.

"नाव घाला," मी म्हणालो.

"सफाईवाली लिहिलंय की, अण्णा."

"तिला नाव होतं. शांता."

त्यांनी सफाईवाली खोडून शांता लिहिलं. मॅडमनी पुन्हा वाचलं. खाली साक्षीदार लागतो काय, मी विचारलं. नाही, म्हणाले. तरी मी त्यांच्या हातातनं पेन घेतलं आणि सही केली.