मावशीच्या हातातला अरबी खंजीर

जुन्या वस्तूंचं वेड लागलेल्या मंडळींनो, आज मी कपाळाला हात लावला!

सटाण्याच्या मावशीकडे काकांनी मस्कतहून आणलेला वाकडा अरबी खंजीर आहे, चांदीच्या म्यानासकट. आमच्या नाशिकच्या प्रदर्शनासाठी तो मागायला सकाळी एसटीने गेलो. मावशी खळ्यात त्याच खंजिराने कांद्याच्या गोण्या उसवत होती! पातं घासून घासून पार झिजलेलं.

मी ओरडलोच, "मावशी, अगं ही ॲन्टिक वस्तू आहे! धार कोणी लावली?"

"तुना काकानी. आजारी व्हतात तवय लाई दिनी, मना हात दुखस म्हनीसन."

तिचा हात दुखतो म्हणून आजारपणातही धार लावून देणाऱ्या काकांना जाऊन दोन वर्षं झाली.

नुसतं म्यान घेऊन परत आलो. चिडचिड अजून गेलेली नाही. पण खरं सांगा, तुम्ही तो तिच्याकडून काढून घेतला असता?